जीवशास्त्राला गणिताचे वावडे

दहावीचा निकाल लागला की वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल येथील घराघरांतून एक चर्चा ठरल्याप्रमाणे सुरू होते. मुलाला अथवा मुलीला विज्ञान शाखेत घालावयाचे हे बहुधा आधीच ठरलेले असते. प्रश्न उरतो तो गणित ठेवायचे की सोडायचे, एवढाच. डॉक्टर व्हायचे असेल तर गणित कशाला, असा सवाल वडील करतात, शिकवणीवर्गाचे चालक त्यांस दुजोरा देतात, आणि पंधरा-सोळा वर्षांचे पोर सुटकेचा निःश्वास टाकून गणिताच्या जागी भूगोल, मानसशास्त्र किंवा द्विलक्षी अभ्यासक्रमातील एखादा विषय घेऊन मोकळे होते. अर्जावरील त्या एका खुणेने पुढील आयुष्यातील किती दारे आपण आपल्याच हाताने लावून घेतली, याची कल्पना त्या वेळी ना मुलाला असते, ना पालकांना. ज्यांना ती असावयास हवी ते शिक्षणखाते आणि विद्यापीठे याबाबत मौन पाळून असतात.

या निवडीमागे आळस असतो असे मानणे अन्यायाचे होईल. ती एक हिशेबी निवड आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत १८० प्रश्न व ७२० गुण असतात; त्यांतील निम्मे जीवशास्त्राचे, उरलेले निम्मे पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांचे. गणिताला तेथे एकही गुण नाही. ज्या विषयाला बाजारात भाव नाही त्यावर वेळ आणि पैसा खर्च न करणे हा शहाणपणाच होय, असे कोणताही व्यवहारी मनुष्य म्हणेल. परंतु या हिशेबात एक आकडा विसरला जातो. २०२४ मध्ये तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेस बसले, आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सुमारे एक लाख दहा हजार होत्या. म्हणजे वीस उमेदवारांमागे एकाला जागा, असे हे प्रमाण पडते. उरलेल्यांपैकी काही दंतवैद्यक, आयुर्वेद, औषधनिर्माण यांकडे वळतात आणि पुष्कळसे वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन बी.एस्सी.च्या वर्गात येऊन बसतात. ज्या दारासाठी त्यांनी गणित सोडले ते दार उघडलेले नसते, आणि ज्या दाराने ते आत आले त्या घरात गणितावाचून पाऊल पुढे पडत नाही, हे त्यांना तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस कळते.

नवी मुंबईत तरी हा प्रश्न पुस्तकी नाही. टाटा स्मारक केंद्राची कर्करोगसंशोधन संस्था २००२ मध्ये परळहून खारघरला आली. तेथे आज पेशींतील जनुकांचे वाचन होते, नव्या औषधांच्या चाचण्या होतात आणि २०२३ पासून प्रोटॉन किरणांनी उपचारही केले जातात. यांतले कोणतेही काम घ्या. किरणांची मात्रा दुप्पट केली म्हणून मरणाऱ्या पेशी दुप्पट होत नाहीत. त्यांचा संबंध घातांकी वक्राने सांगावा लागतो. एका रुग्णाच्या पेशीतील हजारो जनुकांची निरोगी पेशीतील जनुकांशी तुलना केली तर निव्वळ योगायोगानेही शेकडो जनुके ‘वेगळी’ दिसतात. त्यांतील खरी कोणती हे संभाव्यतेच्या गणिताशिवाय ठरत नाही. दोन औषधांपैकी सरस कोणते, हा प्रश्न तर आरंभापासून अखेरपर्यंत संख्याशास्त्राचा आहे. अशा संस्थेच्या दारापाशी राहणाऱ्या, तिच्यावरून रोज बसने जाणाऱ्या मुलांना पदवीनंतर तेथे उमेदवारी करावीशी वाटली तर लघुगणकाचा आलेख पाहून त्यांनी बिचकावे, हे आपल्या शिक्षणव्यवस्थेला भूषणावह खचित नाही.

जीवशास्त्र म्हणजे निरीक्षण, वर्णन आणि पाठांतर. आकडेमोड ही पदार्थविज्ञानाची मिरास, हा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. वस्तुतः जीवशास्त्र शास्त्रपदाला पोचले ते मोजू लागल्यावर. ग्रेगोर मेंडेल यांच्या आधी वाटाण्याची झाडे असंख्य लोकांनी पाहिली होती. मेंडेल यांनी दाणे मोजले आणि तीनास एक हे प्रमाण ओळखले. व्हिएन्नात पदार्थविज्ञान व गणित शिकून आलेल्या या धर्मोपदेशकाचा १८६६ चा निबंध समकालीनांच्या पचनी पडला नाही आणि त्याची ओळख पटावयास १९०० साल उजाडावे लागले. पुढे १९०८ मध्ये हार्डी या इंग्रज गणितज्ञाने शाळकरी बीजगणिताच्या चार ओळींत दाखवून दिले की, प्रभावी गुण केवळ प्रभावी आहे म्हणून पिढ्यानुपिढ्या वाढत जात नाही. ज्या प्रश्नावर जीवशास्त्रज्ञ घोटाळत होते तो वर्गसमीकरण येणाऱ्याला सुटला, यातील बोध आजही शिळा झालेला नाही.

हा इतिहास केवळ युरोपचा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि पुढे वर्षानुवर्षे तो शहरात ठाण मांडून बसला. त्या काळी आठवड्यागणिक झालेल्या मृत्यूंची नोंद ठेवली जाई. भारतीय वैद्यक सेवेत अनेक वर्षे घालविलेले डॉक्टर मॅकेंड्रिक यांनी केरमॅक या रसायनशास्त्रज्ञाच्या सहकार्याने १९२७ मध्ये साथीच्या प्रसाराची समीकरणे मांडली, तेव्हा ती पडताळून पाहण्यासाठी त्यांनी वापरली ती डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईच्या प्लेगमृत्यूंची आकडेवारी. साथ ओसरते ती लागण होण्याजोगे सर्व लोक संपल्यामुळे नव्हे. त्यांची संख्या एका मर्यादेखाली गेली की ती आपोआप उतरणीला लागते, हा त्यांचा निष्कर्ष. २०२० च्या करोनाकाळात वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर ज्या प्रसारांकाची रोज चर्चा होत असे, त्याचे मूळ या समीकरणांत आहे. मुंबईच्या मृतांच्या मोजदादीतून जगाला साथरोगांचे गणित मिळाले, आणि त्याच मुंबईच्या परिसरातील जीवशास्त्राचा पदवीधर ते समीकरण वाचू शकत नाही!

आणखी जवळची उदाहरणेही आहेत. मूळचे गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. पण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत असत. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर कसे काढावे यासंबंधीचे त्यांचे सूत्र १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. अवघ्या चार पानांच्या त्या टिपणातील सूत्र पिकांच्या सुधारित जाती तयार करणारे संशोधक जगभर आजही वापरतात. परळच्या कर्करोग संशोधन केंद्रातील एल. डी. संघवी यांनी रक्तगटांसारख्या आनुवंशिक लक्षणांवरून दोन जनसमूहांमधील अंतर मोजण्याची रीत १९५३ मध्ये दिली. तेच केंद्र पुढे खारघरच्या संस्थेत सामावले. पानसे व सुखात्मे यांचा शेतीसंशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ मध्ये निघाला आणि देशातील कृषिमहाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या. ही परंपरा आपली आहे. तिचे वारस मात्र गणिताच्या तासाला बाहेर बसलेले आहेत.

गणित न आल्याने संशोधकाची एखादी नोकरी हुकते, एवढ्यापुरताच प्रश्न असता तर त्यावर इतका ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. सार्वजनिक जीवनातील मोठमोठे निर्णय या अज्ञानापाशी अडतात. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचे मोजमाप करताना माणशी दररोज २,२५० कॅलरींची रेषा धरली. तिच्याखाली जे आहेत ते सारेच उपाशी मानावयाचे काय, असा आक्षेप सुखात्मे यांनी घेतला. एकाच निरोगी माणसाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित असतोच असे नाही, हे त्यांचे प्रतिपादन. तर अशा युक्तिवादाने भुकेचा आकडा कागदावर आटतो, पोटातली भूक आटत नाही, अशी दुसऱ्या बाजूची भूमिका. वर्षानुवर्षे चाललेल्या त्या वादात कोण बरोबर होते हा येथील विषय नाही. पण देशात भुकेले किती, या सर्वांत माणुसकीच्या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्र आणि विचलनाचे गणित या दोहोंच्या सांध्यावर उभे होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आहारशास्त्राच्या पदवीधराला सरासरी ठाऊक असेल आणि विचलन ठाऊक नसेल, तर अशा वादात तो श्रोता म्हणूनही कुचकामाचा ठरतो.

रोजच्या दवाखान्यातील उदाहरण घ्यावयाचे तर एखाद्या रोगाची चाचणी घ्या. हजारात एकाला होणारा रोग आहे. चाचणी तो रोग असलेल्याला कधी चुकवीत नाही, मात्र निरोगी माणसांपैकी शंभरात पाच जणांना चुकून रोगी ठरविते. चाचणीचा निकाल वाईट आला तर रोग खरोखर असण्याची शक्यता किती? १९७८ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या शिक्षणरुग्णालयांतील साठ डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारण्यात आला होता. पुष्कळांनी ९५ टक्के असे उत्तर दिले. बरोबर उत्तर देणारे निघाले अवघे अकरा. हिशेब तर त्रैराशिकाचा आहे. दहा हजार माणसांत रोगी दहा. उरलेल्या ९,९९० पैकी पाच टक्के, म्हणजे सुमारे पाचशे, विनाकारण रोगी ठरणार. एकूण वाईट निकाल पाचशे दहा, त्यांत खरे रोगी दहा. म्हणजे शक्यता दोन टक्के. ९५ आणि २ यांमधल्या अंतरात एखाद्या कुटुंबाची झोप, पैसा आणि नको असलेली शस्त्रक्रिया असू शकते. प्रयोगशाळेत चाचण्या करणारे तंत्रज्ञ, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, आरोग्यखात्याचे कर्मचारी यांत जीवशास्त्राचे पदवीधर मोठ्या संख्येने असतात, हे येथे लक्षात घ्यावे.

निसर्गाच्या रक्षणाचीही हीच कथा आहे. ठाण्याच्या खाडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचे कौतुक नवी मुंबईला आहे. २०१५ मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये रामसर यादीतही त्याचा समावेश झाला. नेरूळच्या पाणथळ जागा राखाव्यात की त्यांवर इमारती उठाव्यात, हा वाद अधूनमधून पेटतो आणि प्रत्येक बाजू पक्ष्यांचे आकडे पुढे करते. हे आकडे येतात कोठून? प्रत्येक पक्षी कोणी मोजलेला नसतो. काही तुकड्यांवरून सबंध थव्याचा अंदाज केलेला असतो. साधे उदाहरण द्यावयाचे तर तळ्यातले शंभर मासे धरून खूण करून सोडले आणि दुसऱ्या खेपेस धरलेल्या शंभरात खुणेचे पाच निघाले, तर तळ्यात सुमारे दोन हजार मासे आहेत असे म्हणता येते. पाचांऐवजी चार निघाले असते तर अंदाज अडीच हजारांवर गेला असता आणि सहा निघाले असते तर सोळाशे-सतराशेवर आला असता. एका माशाने एवढा फरक पडतो, हे ज्याला उमगले तो आकड्याबरोबर त्याची चूकही सांगेल. ज्याला उमगले नाही तो ‘दोन हजार’ हा आकडा छातीठोकपणे सांगेल आणि सुनावणीत विरुद्ध पक्षाच्या वकिलासमोर तोंडघशी पडेल. निसर्गावरचे प्रेम पुरावा म्हणून दाखल करता येत नाही.

मग बारावीचे गणित सक्तीचे करावे आणि ते नसणाऱ्यांना जीवशास्त्राच्या पदवीला प्रवेशच देऊ नये, असा उपाय काही जण सुचवितात. तो सोपा आहे आणि म्हणूनच घातक आहे. अकरावीत विज्ञान शिकणारी बरीच मुले मराठी माध्यमातून आलेली असतात. इंग्रजीशी झुंजत असतानाच त्यांना गणिताशी झुंजावे लागते. पनवेल-उरणच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलीला शिकवणीवर्ग परवडत नाही आणि गणित हा तर शिकवणीशिवाय न सुटणारा विषय, अशी आपण त्याची कीर्ती करून ठेवली आहे. अशा वेळी प्रवेशद्वारावर गणिताचा पहारेकरी उभा केला तर बाहेर राहतील ती गरिबांची मुले. शिवाय गणित सोडण्याची मुभा व्यवस्थेनेच दिलेली असताना तिचा लाभ घेणाऱ्याला शिक्षा करणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा प्रकार होईल.

पण दुसरे टोकही तितकेच वाईट आहे, आणि आपला कल त्या टोकाकडे आहे. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अध्ययन-अक्षम मुलांविषयीच्या एका याचिकेच्या निमित्ताने दहावीचे गणितही ऐच्छिक करता येईल काय, याची चर्चा झाली. त्या मुलांच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांना सवलत मिळालीच पाहिजे. परंतु २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित व विज्ञान यांत ३५ ऐवजी २० गुण मिळविणाऱ्यालाही, पुढे हे विषय घेता येणार नाहीत अशा शेऱ्यासह, उत्तीर्ण करण्याची तरतूद आली, तेव्हा ती सर्वांसाठीच होती. शिकविणे जमत नाही म्हणून मोजपट्टी आखूड करावयाची, या विचारसरणीची ती अपत्ये आहेत. मुलाला पुढे ढकलले म्हणजे मूल पुढे गेले असे होत नाही.

यातून निघणारा मार्ग असा की, गणित दारावर न मागता घरात शिकवावे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, त्याने बारावीला गणित घेतलेले असो वा नसो, दोन सत्रांचा सक्तीचा अभ्यासक्रम असावा. दहावीपर्यंतचे गणित सर्वांचे झालेले असते. तेथून सुरुवात करता येते. प्रमाण व लघुगणक, वाढीचे वक्र, बदलाचा वेग म्हणजे काय एवढ्यापुरते कलनशास्त्र, संभाव्यता, नमुना निवडणे, सरासरी आणि विचलन, दोन गटांची तुलना, एवढा ऐवज पुरेसा आहे. मात्र उदाहरणे जीवशास्त्रातलीच हवीत. जिवाणूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते, यावरून घातांक शिकविला तर तो विद्यार्थी विसरत नाही. रेल्वेगाड्या आणि पाण्याच्या हौदांवरून शिकविला तर तो परीक्षेपर्यंतही टिकत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये जीवशास्त्राच्या पदवीशिक्षणात गणिताला मोठे स्थान देण्याची शिफारस केली ती याच धर्तीवर. आपल्याकडेही पुण्यात २००६ मध्ये सुरू झालेल्या विज्ञानशिक्षण व संशोधन संस्थेने आरंभीच्या वर्षांत गणित, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे चारही विषय सर्वांना शिकविण्याची प्रथा घातली. जे पुण्यातील निवडक विद्यार्थ्यांना हितकर ते वाशी-पनवेलच्या सामान्य महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना अनावश्यक, असे कोणी म्हणू शकणार नाही.

अडचण आहे ती शिकविणार कोण, ही. महाविद्यालयात कोणताही विषय ज्ञानाच्या गरजेने येत नाही. तो कार्यभाराच्या हिशेबाने येतो. गणिताचे चार तास वाढविले तर ते कोणाच्या तरी चार तासांतून कापावे लागतात, आणि तासांवरच शिक्षकाचे पद अवलंबून असते. प्राणिशास्त्राचा विभाग आपले तास सोडीत नाही, गणिताचा विभाग जीवशास्त्राची उदाहरणे शिकण्याची तोशीस घेत नाही, आणि अनेक ठिकाणी संख्याशास्त्राचे पदच भरलेले नसते. परिणामी जीवसंख्याशास्त्राचा एखादा घटक अभ्यासक्रमाच्या तळाशी पडून राहतो आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सूत्रे लिहवून उरकला जातो. नव्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयासोबत गौण व खुले विषय घेण्याची सोय केली आहे. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही ती लागू झाली. या चौकटीत गणिताची सोय नवा कायदा न करता होऊ शकते. नवी मुंबईतील बहुतेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने विद्यापीठाने मनावर घेतले तर एका अभ्यासमंडळाच्या निर्णयाने हे काम मार्गी लागेल. दोन विभागांच्या शिक्षकांनी मिळून एक विषय शिकविला तर त्याचा कार्यभार दोघांनाही पूर्ण मिळावा, एवढा एक नियम शासनाने केला तर निम्मा विरोध जागच्या जागी मावळेल. परीक्षाही पाठांतराची नको. सूत्रांचा तक्ता हाती देऊन खऱ्या आकडेवारीचा अर्थ लावावयास सांगावा. गणिताची भीती बसते ती गणितामुळे कमी आणि त्याच्या परीक्षेमुळे अधिक.

हे सर्व करण्यास पैसा फार लागणार नाही. लागेल ती इच्छाशक्ती. अर्थशास्त्रानेही एके काळी हाच अनुभव घेतला आहे. गणित टाळण्यासाठी कला शाखेत आलेला विद्यार्थी अर्थशास्त्र घेतो आणि पुढे मागणीच्या वक्राचा उतारही त्याला काढता येत नाही, अशी स्थिती कित्येक महाविद्यालयांत आहे. त्या विषयाने सोसलेले नुकसान जीवशास्त्राने पुन्हा सोसावे असे नाही. विशेषतः ज्या शहरात कर्करोगाचे संशोधन होते, खाडीकाठी पक्षी मोजले जातात आणि औषधनिर्मितीचे कारखाने उभे आहेत, त्या शहरातील मुलांना केवळ सोळाव्या वर्षी केलेल्या एका खुणेपायी आयुष्यभर दुसऱ्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवून जगावे लागू नये. आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही, हे तर खरेच. पण आड खणण्याचे काम पोहरा घेऊन आलेल्या मुलांचे नव्हे, ते विद्यापीठाचे आहे.